सुतक नव्हे हो, कॅसेटवाले दादा

गेल्या आठवड्यात ॲबा या स्वीडिश पॉप बँडच्या ‘द व्हिजिटर्स’ या १९८१ च्या अल्बमवर लिहिलं, त्यावर ‘कॅसेटवाला’ या नावाने एक खरमरीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा ऐवज असा: “ॲबा ऐकायची ती नाचायला. ‘द व्हिजिटर्स’ म्हणजे चार दमलेल्या माणसांनी सिंथेसायझरवर धरलेलं सुतक. दोन्ही जोडप्यांचे घटस्फोट झाले, चाली आटल्या, लोकांनी पाठ फिरवली आणि बँड संपला. यालाच तुमच्यासारखी मंडळी परिपक्वता म्हणतात. शांत, श्रीमंत स्वीडनमधल्या माणसांनी दारावरच्या थापेची भीती गावी हेही हास्यास्पद. आणि हो, अख्खा अल्बम डिजिटल यंत्रावर झाला हे तुमचं वाक्य साफ चूक आहे.”

शेवटून सुरुवात करतो, कारण तिथे मी सपशेल चुकलोय. स्टॉकहोममधल्या पोलर स्टुडिओत थ्री-एम कंपनीचं बत्तीस ट्रॅकचं डिजिटल यंत्र आलं, तोवर ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’, ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ आणि ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’ ही तीन गाणी जुन्या ॲनालॉग टेपवर झालेली होती. लेखात दुरुस्ती केली आहे. कान पकडलात, आभार.

आता भांडण.

सिंथेसायझर हा या अल्बमचा अपराध असेल तर तुम्हाला तुमच्या लाडक्या नाचाच्या गाण्यांवरही खटला भरावा लागेल. बँडमधल्या बेनी अँडरसनने यामाहाचा जीएक्स-१ नावाचा कपाटाएवढा सिंथेसायझर या अल्बमच्या कित्येक वर्षं आधी घेतला होता, आणि मिनीमूग तर त्याहून जुना. ‘व्हुले-व्हू’ काय, ‘सुपर ट्रूपर’ काय, तिथेही ही यंत्रं आहेतच. तिथे तुम्हाला ती खुपली नाहीत, कारण त्यांच्यावर आवाजांचं जाड पांघरूण होतं.

माझ्या मते सगळी मेख या पांघरुणात आहे. मूळ लेखात मी ती नीट मांडली नव्हती, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावतो.

ॲबाचा तो जो काठोकाठ भरलेला आवाज, तो बराचसा त्यांचा ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो याची करामत. अमेरिकेत फिल स्पेक्टर हा निर्माता एकाच खोलीत वादकांचा ताफा बसवून आवाजाची भिंत उभी करायचा. १९७३ साली ‘रिंग रिंग’च्या वेळी ट्रेटोकडे तेवढे पैसे कुठले असायला? त्याने काय केलं, तेच वादक तेच गाणं पुन्हा वाजवायला लावले आणि दुसऱ्या खेपेला टेपचा वेग किंचित बदलला. एका थरावर दुसरा थर, सूर केसभर सरकलेला. त्यामुळे चार माणसं चाळीस वाटायला लागली. त्यावर आग्नेता आणि फ्रीडा या बँडच्या दोघी गायिकांचे आवाज, पुन्हा तसेच दुहेरी-तिहेरी. ‘डान्सिंग क्वीन’ ऐका. त्यात कोणती ओळ कोण म्हणतंय हे सांगून दाखवा. नाही सांगता येत, कारण तिथे दोघी मिळून एकच तिसरी बाई गातेय. या चालींची भूल इतकी जबर होती की ‘मम्मा मिया’ची चाल १९७७ मध्ये आपल्या पंचमदांच्या ‘मिल गया हमको साथी’त येऊन बसली.

‘द व्हिजिटर्स’मध्ये ही तिसरी बाई जवळजवळ नाहीशी झाली आहे. नऊ गाणी. शीर्षकगीत फ्रीडाचं, ‘हेड ओव्हर हील्स’ आग्नेताचं, ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’ फ्रीडाचं, ‘वन ऑफ अस’ आग्नेताचं. साथीला दुसरी असते, धृपदात थरही चढतात, ते मी नाकारत नाही. पण गोष्ट सांगताना प्रत्येक जण एकटी आहे. आणि शेवटचं ‘लाइक ॲन एंजल पासिंग थ्रू माय रूम’ तर नुसत्या फ्रीडाचं. मागे कुणीही नाही. घड्याळाची टिकटिक, थोडे सूर आणि एक बाई. बँडच्या तोवरच्या सगळ्या गाण्यांत असं दुसरं नाही. गंमत म्हणजे याच चालीची एक डिस्कोवजा आवृत्तीही त्यांनी करून पाहिली होती. म्हणजे तुमच्या आवडीचं गाणं त्यांच्या हातात तयार होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. चाली आटलेली माणसं असं करत नाहीत, दादा.

घटस्फोटाचं म्हणाल, तर तारखा बघू. ‘नोइंग मी, नोइंग यू’ हे रिकाम्या घरातून निघून जाणाऱ्या जोडप्याचं गाणं १९७६ सालचं. तेव्हा बँडमधला चौथा, ब्यॉर्न, आणि आग्नेता यांचा संसार चालू होता. बेनी आणि फ्रीडा यांचं तर लग्नही व्हायचं होतं, ते झालं १९७८ मध्ये. ‘एसओएस’ त्याच्याही आधीचं, १९७५ चं. दुःख या लोकांच्या गाण्यात पहिल्यापासून होतं. तुम्ही त्यावर नाचत होतात, एवढंच! मीही नाचलोय, गणपतीच्या मांडवात नाचलोय, त्यामुळे हे कुत्सितपणे म्हणत नाही. आधीच्या गाण्यांत शब्द रडायचे आणि वाद्यं सांभाळून घ्यायची. १९८१ मध्ये वाद्यांनी सांभाळून घेणं थांबवलं. बदल झाला तो हा.

बेनी आणि फ्रीडा वेगळे होत असल्याचं त्या वर्षी फेब्रुवारीत जाहीर झालं, आणि पुढच्याच महिन्यात ‘व्हेन ऑल इज सेड अँड डन’चं ध्वनिमुद्रण सुरू झालं. शब्द ब्यॉर्नचे, चाल बेनीची, आणि गाणार फ्रीडा, जिचा संसार मोडला ती. तुम्ही म्हणता तसं सुतक यात ऐकायला गेलो तर सापडत नाही. गाण्याची चाल ताठ मानेने चालते, जवळजवळ कूच केल्यासारखी. आपल्याकडे बायका डोळे पुसून पदर खोचतात ना, तसं.

‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’मध्ये आग्नेता गाते ती दप्तर घेऊन शाळेत निघालेल्या लेकीला बघत. ती लेक, ब्यॉर्न आणि आग्नेताची लिंडा, तेव्हा सात-आठ वर्षांची होती. हेच गाणं जपानमध्ये कोका-कोलाच्या जाहिरातीसाठीची खास तबकडी म्हणून काढलं गेलं होतं. म्हणजे ज्याला तुम्ही सुतकी म्हणता ते कुणाला तरी थंड पेय विकायला चालण्यासारखं गोड वाटलं होतं. (ही माहिती माझ्या बाजूची की तुमच्या, मला अजून ठरवता आलेलं नाही.)

आता ‘शांत, श्रीमंत स्वीडन’. हा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटला. शीर्षकगीतात एक माणूस घरात बसलाय, घंटा वाजते आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकते. सोव्हिएत रशियातल्या बंडखोरांना मनात ठेवून हे लिहिल्याचं ब्यॉर्नने पुढे सांगितलं. नकाशा काढून बघा, स्टॉकहोमहून बाल्टिक समुद्र ओलांडला की समोर तेव्हाचा सोव्हिएत संघ. त्या ऑक्टोबरात हे गाणं स्टुडिओत तयार होत होतं आणि महिनाअखेरीस एक सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रुना नाविक तळाजवळ खडकावर येऊन रुतली. दहाएक दिवस अख्खा देश श्वास रोखून होता. अल्बम आला ३० नोव्हेंबर १९८१ ला, आणि १३ डिसेंबरला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. मध्यरात्री दारं ठोठावून हजारो लोकांना उचललं गेलं. त्याच पोलंडमध्ये ॲबा १९७६ साली दूरदर्शनच्या कार्यक्रमासाठी जाऊन आली होती. गाण्याने भविष्य वर्तवलं असलं काही मला म्हणायचं नाही. पण दारावरच्या थापेची भीती त्यांना फार लांबची नव्हती. आणि फ्रीडा? नॉर्वेजियन आई, जर्मन सैनिक बाप, जन्म नोव्हेंबर १९४५, आणि लोकांच्या जिभेपासून वाचवायला आजीने तान्हेपणीच स्वीडनला आणलेली. ते गाणं आग्नेताने गायलं असतं तर वेगळं झालं असतं असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

लोकांनी पाठ फिरवली हे अर्धं खरं. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, ‘वन ऑफ अस’ तिसऱ्यावर. मात्र ‘हेड ओव्हर हील्स’ पंचविसावर अडकलं, आणि १९८२ सालचं ‘द डे बिफोर यू केम’ बत्तिसाव्यावर. वर्षानुवर्षं पहिल्या दहांत असणाऱ्यांसाठी ही आपटीच. पण बत्तिसाव्या क्रमांकाचं ते गाणं ऐकलंय का तुम्ही? आठला घर सोडणारी, गाडीत पेपर वाचणारी, ऑफिस करून परत येणारी एक बाई आपला दिवस सांगते, ओळीमागून ओळ, धृपद नाही. मागे फ्रीडा शब्दांवाचून आळवत राहते. डोंबिवलीहून रोज फोर्टला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. त्यानंतर बेनी आणि ब्यॉर्न ‘चेस’ या संगीतनाटकाकडे वळले, आणि त्या रंगभूमीची चाहूल ‘आय लेट द म्युझिक स्पीक’मध्ये आधीच लागते. चारही जण नव्या गाण्यांचा अख्खा अल्बम घेऊन परत आले ते थेट २०२१ मध्ये.

तुमच्या टोपणनावावरून एक आठवलं. माझ्या थोरल्या भावाने एका मित्राकडून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती. ए बाजूला ‘सुपर ट्रूपर’, बी बाजूला ‘द व्हिजिटर्स’. ए बाजू संपली की तो कॅसेट उलटी न करता पेन्सिल घालून मागे गुंडाळायचा, सेल वाचावेत म्हणून. चार-पाच वर्षं आमच्या घरात बी बाजू कुणी ऐकलीच नाही. तो होस्टेलला गेला, कॅसेट माझ्याकडे आली, आणि पहिल्यांदा उलटी केली तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या बँडचं चुकून भरलंय. म्हणजे तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटलं होतं. पण माझ्याकडे दुसरी कॅसेट नव्हती.

आणि कव्हर. मूळ तबकडीवर ते बारा इंची आहे. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयातला एका जुन्या चित्रकाराचा स्टुडिओ, मागे पंखवाल्या इरॉसचं, म्हणजे ग्रीक प्रेमदेवतेचं, भलंमोठं चित्र, अंधूक उजेड, आणि चौघं एकमेकांपासून लांब, कुणीही कुणाकडे बघत नाही. कॅसेटच्या काडेपेटीएवढ्या कागदावर हे अंतर दिसतच नाही, चौघं जवळजवळच बसल्यासारखी वाटतात. सीडीवरही जेमतेमच दिसतं. १९८२ मध्ये जर्मनीत सीडीचं उत्पादन सुरू झालं तेव्हा पहिल्या काही तबकड्यांत हाच अल्बम होता, हे तुम्हाला चिडवायला सांगतोय. कुठे मूळ तबकडी मिळाली तर हातात घेऊन बघा.

राहता राहिलं ‘टू फॉर द प्राइस ऑफ वन’. वधूवर-जाहिरात, फोन, आणि शेवटी पाचकळ विनोद. ब्यॉर्न गातो आणि मी दर वेळी पुढे ढकलतो. ते तुम्ही खुशाल झोडपा, मी सोडवायला येणार नाही.