‘जुनं का असेना, कार्ड ते कार्डच’: या मेसेजला उत्तर

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या की सांगलीत लॅपटॉपची खरेदी सुरू होते आणि तिच्यासोबत एक मेसेजही फिरायला लागतो. विश्रामबागेतल्या पालकांच्या ग्रुपवर तोच, तासगाव-इस्लामपूरच्या मुलांच्या ग्रुपवरही तोच. मजकूर साधारण असा: “इनबिल्ट ग्राफिकवाला लॅपटॉप घेऊ नका, ते फक्त स्क्रीन दाखवायला असतं. स्वतःची २ किंवा ४ जीबी मेमरी असलेलं वेगळं कार्डच पाहिजे. जितके जीबी जास्त तितकं कार्ड भारी. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स कार्डाशिवाय चालत नाही. नवा परवडत नसेल तर जुना कार्डवाला सेकंडहँड घ्या.”

लॅपटॉप उघडणं-दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. हा मेसेज वाचून वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून आणलेले जुने लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात, आणि मुलाला सहा महिन्यांत दुसरा घ्यायची वेळ आलेली असते. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो. (इनबिल्ट म्हणजे प्रोसेसरच्या चिपमध्येच असलेलं ग्राफिक, आणि कार्ड म्हणजे ग्राफिकसाठी वेगळी बसवलेली चिप.)

“इनबिल्ट फक्त स्क्रीन दाखवायला असतं.”

दहा-बारा वर्षांपूर्वी हे बरंचसं खरं होतं. २०२० मध्ये इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर आयरिस एक्सई हे इनबिल्ट आलं, २०२२ मध्ये एएमडीचं रेडिऑन ६८०एम आणि २०२३ मध्ये ७८०एम. ७८०एमला वेगवान रॅम मिळाली तर ते एनव्हिडिया कंपनीच्या २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डाच्या पुढे जातं आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० च्या जवळ पोचतं. ही दोन्ही डेस्कटॉपची ७५ वॅटची कार्डं. जुन्या लॅपटॉपांतली ९४०एम, ९४०एमएक्स, एमएक्स१३० तर आयरिस एक्सईच्याही मागे पडतात.

आणखी एक गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. वेगळं कार्ड असलेल्या बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनची वायर इनबिल्टलाच जोडलेली असते. कार्डाने काढलेलं चित्रसुद्धा इनबिल्टमार्फतच पडद्यावर येतं. ब्राउझर, वर्ड, यूट्यूब हे सगळं तर तेच सांभाळतं. यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ आता एव्ही१ या नव्या व्हिडिओ-प्रकारात येतात. ते उलगडण्याची सोय अकराव्या पिढीच्या इंटेलमध्ये आणि ६८०एममध्ये चिपमध्येच आहे. जीटीएक्स १६५० मध्ये ती नाही, मग ९४०एमएक्सची गोष्टच सोडा. ही सोय इनबिल्टमध्येही नसेल आणि कार्डातही नसेल, तर भार प्रोसेसरवर येतो आणि लॅपटॉप तापतो.

“स्वतःची मेमरी पाहिजे, जीबी जास्त तितकं कार्ड भारी.”

सगळा घोळ या वाक्यात आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

ग्राफिकचं काम अडतं ते बहुतेक वेळा मेमरी किती आहे यावर नाही, तिच्यातून सेकंदाला किती डेटा येतो-जातो यावर. याला बँडविड्थ म्हणतात. विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवली आणि पुढे दीड इंची पाइप जोडला, तर हौद कितीही मोठा बांधा, पाणी दीड इंचीच पडणार.

आता आकडे बघा. जीटी ७१० या कार्डावर बहुतेक वेळा डीडीआर३ ही संथ मेमरी असते, डेटाच्या वाटेची रुंदी ६४ बिट, बँडविड्थ सेकंदाला १४.४ जीबी. जीटी ७३० हे एकच नाव डीडीआर३ वरही विकलं गेलं आणि जीडीडीआर५ या ग्राफिकसाठीच्या वेगवान मेमरीवरही. जीडीडीआर५ वाल्याची बँडविड्थ ४० जीबी, ६४ बिटच्या डीडीआर३ वाल्याची पुन्हा १४.४. म्हणजे ४ जीबीचं डीडीआर३ कार्ड २ जीबीच्या जीडीडीआर५ कार्डापुढे हरतं. मेसेज मात्र ४ जीबीवालं घ्या म्हणतो! लॅपटॉपमधल्या ९४०एमएक्सचंही तेच. डीडीआर३ असेल तर १६ जीबीच्या आसपास, जीडीडीआर५ असेल तर ४०. स्टिकरवर दोन्हीकडे एकच नाव आणि तेच ‘२ जीबी’.

इनबिल्टला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपची रॅम वापरतं. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन पट्ट्या दोन स्लॉटमध्ये असतील तर ५१.२. डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्यांना ८९.६. एका पट्टीवरसुद्धा हा आकडा जीटी ७१० च्या पुढे आहे.

पण इनबिल्टची बदनामी होते तीही या एका पट्टीमुळेच. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांत बहुतेक वेळा ८ जीबीची एकच पट्टी असते, दुसरा स्लॉट रिकामा. थर्ड इयरचा एक मुलगा असाच लॅपटॉप घेऊन आला. अकराव्या पिढीचा आय-५, बाहेर आयरिस एक्सईचा स्टिकर, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतंय नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’. त्याला वाटलं दुकानदाराने फसवलं. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं, खाली लिहिलेलं होतं: ‘स्लॉट्स यूज्ड, १ ऑफ २’. मागचं झाकण काढलं, बॅटरीची पिन सोडवली, तशीच ३२०० ची ८ जीबीची पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये तिरकी सरकवून खाली दाबली. दोन्ही बाजूच्या क्लिपा टक करून बसल्या. चालू केल्यावर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘आयरिस एक्सई’ आलं. ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हातही लावला नव्हता. रॅमचे दोन्ही चॅनेल (डेटाच्या दोन वाटा) भरलेले असतील तरच इंटेल त्या चिपला ते नाव दाखवतं, आणि तिचा खरा वेगही तेव्हाच मिळतो.

विंडोजमध्ये ग्राफिकच्या माहितीत ‘डेडिकेटेड मेमरी १२८ एमबी’ असंही लिहिलेलं दिसतं आणि लोक घाबरतात. ती फक्त आधी बाजूला काढून ठेवलेली मेमरी. गरज पडली तर इनबिल्ट साधारण अर्ध्या रॅमपर्यंत वापरू शकतं. तोटा एवढाच की ती रॅम बाकीच्या कामातून जाते. म्हणून आज ८ जीबीवर थांबू नये, १६ करावी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवायला स्लॉट आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

“ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स कार्डाशिवाय चालत नाही.”

ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बनवणारी ऑटोडेस्क कंपनी आपल्या गरजांच्या यादीत कार्डाच्या जीबीबरोबर बँडविड्थही लिहिते: किमान २९ जीबी प्रति सेकंद, आणि शिफारस १०६. वरचे आकडे यावर लावून बघा. जीटी ७१० नापास. डीडीआर३ चं ९४०एमएक्स नापास. एका डीडीआर४ पट्टीवरचं इनबिल्टही नापास, २५.६ मुळे थोडक्यात. दोन पट्ट्यांवरचं इनबिल्ट पास. मेसेज ज्याला ‘कार्ड’ म्हणून डोक्यावर घेतो तेच किमान अटीत बसत नाही.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा मुद्दा वेगळा आहे. त्यांची प्रमाणित कार्डांची यादी असते आणि तिच्यात एनव्हिडियाची वर्कस्टेशनची कार्डं असतात, गेमिंगची जीफोर्स नाही. कॉलेजातले छोटे पार्ट आणि असेंब्ली दोन पट्ट्यांच्या इनबिल्टवर होतात. शेकडो पार्टची असेंब्ली फिरवायची असेल तर कॉलेजची लॅब वापरा. सिव्हिलचं स्टॅड-प्रो आणि कोडिंग हे प्रोसेसर आणि रॅमचं काम, तिथे कार्डाचा प्रश्नच येत नाही.

आता मेसेज जिथे बरोबर आहे तेही सांगितलं पाहिजे. मशीन लर्निंग किंवा ब्लेंडरचं रेंडरिंग (थ्रीडी मॉडेलवरून तयार चित्र काढणं) रोज करायचं असेल तर एनव्हिडियाचं कार्ड हवंच, कारण त्यातली बरीच सॉफ्टवेअरं एनव्हिडियाच्या कूडा या स्वतःच्या प्रणालीवर चालतात आणि कूडा दुसऱ्या कुणाच्या चिपवर नाही. तासन्‌तास भार टाकायचा असेल तरीही कार्ड पुढे. साध्या लॅपटॉपमध्ये साधारण १५ ते २८ वॅट प्रोसेसर आणि इनबिल्ट दोघांत वाटून घ्यावे लागतात, आणि एप्रिलमध्ये सांगलीच्या उन्हाळ्यात, पंख्याखालच्या खोलीत, तो वेग आणखी उतरतो. घरच्या डेस्कटॉपला जीटीएक्स १०५० टीआय असेल तर ते काढून टाकू नका. त्याची ११२ जीबी बँडविड्थ ऑटोडेस्कच्या शिफारशीतही बसते.

“परवडत नसेल तर जुना कार्डवाला सेकंडहँड घ्या.”

माझा खरा राग या वाक्यावर आहे, कारण नुकसान याने होतं. ९४०एमएक्सवाले लॅपटॉप बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत, सातव्यातले अगदी मोजके. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कार्डाच्या ड्रायव्हरचंही तसंच. एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीचे नवे गेम-ड्रायव्हर २०२१ मध्येच बंद झाले. ९४०एमएक्सच्या मॅक्सवेल आणि १०५० टीआयच्या पास्कल पिढीचे २०२५ मध्ये थांबले. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट. आज फर्स्ट इयरला बसणारा मुलगा त्यानंतरही त्याच लॅपटॉपवर असेल. त्याच पैशात बाराव्या-तेराव्या पिढीचा कार्ड नसलेला सेकंडहँड मिळत असेल तर तो घ्या आणि उरलेल्यात दुसरी पट्टी टाका.

तरीही कुणाला सेकंडहँड कार्ड घ्यायचंच असेल, तर पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर घेऊन जा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यात मेमरीचा प्रकार आणि बँडविड्थ सरळ लिहून येते. बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुनं कार्ड १०५० टीआय म्हणून खपवायचा धंदा बाजारात चालतो. तसं एनव्हिडियाचं बनावट कार्ड सापडलं तर नावाच्या आधीच ‘फेक’ असं दिसतं. विकणारा ते चालवू देत नसेल, तर तिथून निघा.