‘एक जुना नाट्यरसिक’ यांस उत्तर

कंपवाताबरोबर, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराबरोबर, माझा दिवस कसा जातो यावर मी गेल्या वेळी लिहिलं होतं. त्याखाली ‘एक जुना नाट्यरसिक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. लेख फार लांबला. गोळ्यांच्या वेळा, बद्धकोष्ठ, रात्रीचं ओरडणं या गोष्टी माणसाने घरात ठेवाव्यात. औषध आणि मासे यांबद्दल मी लिहिलेलं वाचून कुणी स्वतःच गोळ्या मागेपुढे करील, कारण लेखात डॉक्टरांचा उल्लेख नाही. जत्रेच्या नाटकाच्या तालमीला बसून मी पोरांचे संवाद बदलतो आणि ते त्यांना रुचत नाही, असं त्यांच्या कानावर आलं आहे. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: “रागावू नका, पण हात थरथरू लागला की नाटककार संपतो, मग उरते ती दिनचर्या.”

रसिकबाब, आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. लेख लांबला हे मान्य. पेटीच्या भात्याला नवं कातडं कुठून आणलं हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सूनही तेच म्हणाली.

आता ‘रागावू नका, पण’ याबद्दल. इतकी वर्षं माणसांच्या तोंडी शब्द घालायचं काम केलं, त्यावरून सांगतो, ज्या गोष्टीवर समोरच्याने रागवावं अशी खात्री असते तिच्याच आधी माणूस हे शब्द लावतो. शिवाय मी रागावलो की नाही हे आपल्याला समोर बसूनही कळलं नसतं. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, चेहरा कोरा पडतो. नातवाने काढलेलं चित्र मी कौतुकाने बघत असतो आणि तो आत जाऊन आईला विचारतो, आजोबा माझ्यावर का रागावले? त्यामुळे मला ते लिहूनच सांगावं लागतं. होय, रागावलोय.

वाक्य मात्र घडवलेलं आहे, यात शंका नाही. दोन तुकडे, पहिल्यात एक माणूस मारला, दुसऱ्यात क्रियापद पुढे ओढून ‘दिनचर्या’ शेवटी आपटली. याला आमच्यात टाळीचं वाक्य म्हणतात. जत्रेच्या नाटकात दुसऱ्या अंकाचा पडदा पडायच्या आधी असं एखादं लागतंच, कारण प्रेक्षक रात्री उशिरापासून मंडपात बसलेला असतो आणि बाहेर खाज्यांची दुकानं त्याला बोलावत असतात. मीही अशी पुष्कळ लिहिली. टाळीचं वाक्य खरं असण्याची गरज नसते, ते वेळेवर पडलं की झालं. तुमचं वेळेवर पडलं. खरं किती ते बघू.

हात थरथरतो तो मुख्यतः स्वस्थ असताना, मांडीवर नुसता ठेवलेला असताना. पेन उचललं की थरथर बरीचशी कमी होते. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेल्या हातावर तुम्ही माझ्या लेखनाचा मृत्युलेख लिहिलात. लिहिताना आड येतं ते दुसरंच. अक्षर लहान होत जातं. ओळीच्या सुरुवातीला वाटाण्याएवढं असलेलं अक्षर ओळ संपेपर्यंत मोहरीएवढं होतं, आणि लिहिणाऱ्याला ते लिहिताना कळत नाही, नंतर वाचताना कळतं. यावर उपाय म्हणून मी लहान मुलांची दुरेघी वही आणली आहे. अक्षराने वरच्या आणि खालच्या दोन्ही रेघांना टेकलंच पाहिजे असा दंडक घालून घेतला की ते मोठं राहतं. दुकानदाराने विचारलं, नातू पहिलीत गेला काय? मी हो म्हटलं.

आता ती दिनचर्या, जी तुमच्या मते माझ्यात उरलेला गाळ आहे.

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजतो तेव्हा पहिली गोळी. मेंदूच्या एका भागात डोपामीन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, त्यामुळे शरीराची हालचाल मंदावते आणि अंग ताठरतं. डोपामीन बाहेरून दिलं तर ते मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. तो आत जातो आणि तिथे त्याचं डोपामीन होतं. अडचण अशी की मासळी, डाळ, दूध यांतल्या प्रथिनांचे घटक आणि हे औषध आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दाराने जातात. बांगड्याचं हुमण, म्हणजे आमचं माशाचं कालवण, आणि गोळी एकाच वेळी दाराशी आली की बऱ्याचदा बांगडा आधी आत शिरतो. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि माझ्या बाबतीत मासे रात्रीच्या पानात. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरात दुपारचं शीत-हुमण रात्रीवर ढकलणं म्हणजे काय, हे तुम्ही इथले असाल तर मी सांगायला नको. सोमवार तेवढा सोपा जातो, त्या दिवशी घरात मासे नसतातच.

गोळी चढते, काही तास टिकते आणि उतरते. आजार जुना होत जातो तसे हे तास आखूड होतात. चढती असते तेव्हा मी लिहितो. उतरती लागली की पेटी काढतो. ती वाजवायला नव्हे, बोटं चालती ठेवायला, कारण उजव्या हाताच्या करंगळीने काळी पाचच्या पुढे जायचं नाकारलं आहे. कधी अंगणातल्या अबोलीला पाणी घालतो, कधी जुन्या जत्रांची हस्तपत्रकं वर्षवार लावतो. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी पूर्वी मीच बांधायचो. आता गाठ मारता येत नाही, म्हणून मी खुर्चीत बसून आंबाडे कुठे, तोरिंगण कुठे, सुपारीची शिपटी किती खाली सोडायची हे सांगतो आणि धाकटा वैतागत बांधतो. तर असं आहे. कोणत्या तासाला माझ्याकडून वाक्य निघेल हे ही दिनचर्या ठरवते. तिच्याबद्दल लिहायचं नाही तर कशाबद्दल लिहू?

आणि ‘संपला’ म्हणता, तर ऐका. या आजारात चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, विशेषतः दारात आणि वळताना. मोकळ्या अंगणात मी बरा चालतो, उंबरठा आला की थांबतो. सुनेने दारापाशी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. दुसरा उपाय ठेक्याचा. मोबाइलवर केरवा लावला की पावलं त्यात बसतात आणि मी पार होतो. बाहेरून ताल मिळाला की अडलेली हालचाल सुटते, हे फिजिओथेरपीवाले मुद्दाम वापरतात. सध्या मी लिहितो आहे त्या नाटकात सोप्यावर पाहुणे येऊन बसलेत, मुलीचं लग्न ठरायचं आहे, आणि घरचा कर्ता आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर अडलेला आहे. पूर्ण पहिला अंक तो बाहेर सोप्यावर येत नाही. पाहुण्यांना वाटतं, त्याला स्थळ पसंत नाही. हे मला धडधाकट असताना सुचलं नसतं. आता हे नाटककाराचं काम की दिनचर्येचं, ते तुम्हीच ठरवा.

‘घरात ठेवा’ याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण घरातच ठेवल्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी माझा वास गेला. गॅसवर दूध करपलं तरी मला पत्ता नाही. सर्दी म्हणून सोडून दिलं. मग झोपेत ओरडणं सुरू झालं. नुसतं ओरडणं नव्हे, हातपाय झाडणं, एकदा तर शेजारचा तांब्या उडाला. एरवी स्वप्नं पाहताना शरीर सैल पडून राहतं, ती व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न करून दाखवू लागतो. बायको म्हणायची, नवीन नाटक बसवतायत. तिसरं ते बद्धकोष्ठ, ज्याचा उच्चारही तुम्हाला चव्हाट्यावरचा वाटतो. हे तिन्ही कंपवाताच्या कितीतरी आधी येऊ शकतात. एकेक घेतलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, पुष्कळांना होतात आणि पुढे काही होत नाही. पण तिन्ही एकत्र कुणाच्या बोलण्यात आले असते तर निदान विचारणा झाली असती. आमच्या घरात तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या खोल्यांत लाजून बसल्या होत्या.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817 साली या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला, त्यात रुग्ण फक्त सहा होते. त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यात चालताना पाहिले होते. माणूस वाकून, घाईघाईने, छोटी पावलं टाकत चालला आहे, एवढ्यावर त्याने नोंद केली. म्हणजे या रोगाचं शास्त्रच मुळी कुणाच्या तरी रोजच्या चालण्याकडे नीट बघण्यातून सुरू झालं. त्याने व्याख्येत बुद्धी शाबूत राहते असंही लिहून ठेवलं. (ते सगळ्यांच्या बाबतीत शेवटपर्यंत खरं नाही, हे पुढे दिसून आलं. पण तूर्तास मी पार्किन्सनच्या बाजूने आहे.)

आणि गप्प बसवणं मला नवीन नाही. माझे वडील सांगायचे, पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिका छापायची झाली तरी ती आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. 19 डिसेंबर 1961 ला ते राज्य गेलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यानंतरच्या जत्रेत, गॅसबत्तीच्या उजेडात, विंगेत वडिलांच्या मांडीवर बसून मी प्रॉम्प्टिंग शिकलो. नट अडखळला तर त्याला शब्द असा द्यायचा की तो त्याच्या कानी पडेल आणि पहिल्या रांगेला ऐकू येणार नाही. पुढे शाळेत मास्तरकी केली, सुट्टीत नाटकं बसवली, कला अकादमीच्या मराठी स्पर्धेत ब गटात उतरलो, पडलो, पुन्हा उतरलो. आज माझा आवाज असा झाला आहे की घरचेही ‘काय म्हणालात?’ विचारतात. आजारात आवाज खाली जातो आणि बोलणाऱ्याला वाटतं, आपण नेहमीसारखंच बोलतोय. म्हणून रोज सकाळी कुळागराकडे, म्हणजे पोफळीच्या बागेकडे, तोंड करून जुने संवाद मोठ्याने म्हणतो. शेजारी ऐकतात. ऐकू द्यात. साऱ्या आयुष्यात ज्याने दुसऱ्याला हळू आवाजात शब्द पुरवले त्याला आता मोठ्याने बोलण्याचा व्यायाम करावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी टोपणनावाआडून सांगतो, जरा हळू.

मी रसिक म्हणून कुणाला नाटक बंद करा असं कधी सांगितलं नाही. वाईट नाटकालाही नाही. मंडपातून उठून गेलो असेन, पण पडद्याआड जाऊन ‘आता पुरे’ म्हणायची हिंमत मला झाली नाही. तुम्हाला झाली, कारण तुम्हाला चेहरा दाखवायचा नव्हता.

राहिले बाकीचे मुद्दे. औषधाच्या वेळा ज्याच्या त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायच्या, हे इतकं उघड आहे की ते लिहायचं म्हणजे नाटकाच्या पत्रकावर ‘प्रेक्षकांनी मंचावर चढू नये’ असं छापण्यापैकी आहे. तरी ती ओळ लेखाखाली टाकतो, एकाला तरी हवी आहे ना. त्याच लेखाखाली एका वाचकाने खाजकुयलीबद्दल विचारलं होतं, त्यांनाही इथेच सांगतो. हो, तिच्या बियांत लेव्होडोपा असतो, आणि म्हणूनच कुंपणावरच्या शेंगा काढून स्वतःच प्रमाण ठरवायचं नाही. बघा, हे मी रसिकबाबांच्या आधीच सांगणार होतो.

पोरांच्या संवादांबद्दल ज्याला काही म्हणायचं असेल त्या पोराने मला येऊन सांगावं. देवळाच्या सभागृहात तालमीला मी मागच्या खुर्चीत असतो. संवाद मी बदलत नाही, श्वास घ्यायची जागा सांगतो. एखादा शब्द त्यात इकडचा तिकडे होत असेल. यावर जास्त बोलायची मला गरज वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. उंबरठ्याचं नाटक दोन अंक झालं आहे, तिसरा चालू आहे. पूर्ण झालं की घरच्या सोप्यावर वाचन ठेवीन, चार माणसांना बोलावीन. तुम्हालाही बोलावलं असतं, पण ‘एक जुना नाट्यरसिक, गोवा’ या पत्त्यावर पोस्टमन पत्र पोचवीत नाही. नाव कळवा.