‘कॉलेजनं एवढे लाड कशाला करायचे?’ ट्रान्स विद्यार्थ्यांबद्दलच्या एका फिरत्या मजकुराला उत्तर

पालकांच्या आणि प्राध्यापकांच्या गटांमधून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॉलेजांनी ट्रान्स (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग वेगळं असलेल्या) विद्यार्थ्यांसाठी नावं, स्वच्छतागृहं आणि वसतिगृहं यांचे नियम बदलणं म्हणजे परदेशी खुळाला खतपाणी घालणं. असे विद्यार्थी असतात तरी किती? कागदावर एक नाव आणि वर्गात दुसरं, ही फसवणूक. यात मुलींची सुरक्षितता धोक्यात येते. ज्यांना खरंच त्रास आहे त्यांना सवलती नकोत, उपचार द्या. आणि शेवटी, कॉलेजचं काम शिकवणं आहे, या उचापती नव्हेत.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या सगळ्यांच्या मनात द्वेष आहे असं मला वाटत नाही. मुलीच्या काळजीनं तो पाठवणारी आईही त्यांत आहे. म्हणूनच प्रत्येक मुद्दा नीट तपासायला हवा. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. या विद्यार्थ्यांना जे लागतं त्यातलं बहुतेक कॉलेजच्या कार्यालयाच्या हातातलं आहे, आणि ते न मिळाल्यामुळे मुलं शिक्षण सोडतात.

आधी ‘परदेशी खूळ’. ब्रिटिश सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात, त्या काळच्या सरकारी भाषेत ‘युनक’ (शब्दशः खच्ची पुरुष; त्यात हिजडेही धरले जात) ठरवलेल्या लोकांची नोंदवही ठेवण्याची आणि त्यांनी स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी वावरल्यास शिक्षा करण्याची तरतूद होती. जी माणसं अस्तित्वातच नाहीत त्यांची नोंदवही कुठलं सरकार ठेवेल? युरोपातही ही गोष्ट कालपरवाची नाही. बर्लिनमध्ये १९१९ साली मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी याच विषयावर काम करणारी संस्था उभी केली होती. १९३३च्या मे महिन्यात नाझींनी ती लुटली आणि तिथली पुस्तकं जाळली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं (नाल्सा) दाखल केलेल्या खटल्याच्या निकालात, आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा असल्याचं मान्य केलं आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं. पुढच्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या कृष्णनगर महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी मानबी बंद्योपाध्याय ही ट्रान्स स्त्री रुजू झाली. म्हणजे माणसं पूर्वीपासून आहेत. नवं एवढंच की त्यांतली काही आता पदवीपर्यंत टिकू पाहताहेत.

‘असे किती असतात?’ कॅनडानं २०२१च्या जनगणनेत हे रीतसर मोजलं. १५ वर्षांवरच्या लोकसंख्येत १,००,८१५ लोकांनी आपण ट्रान्स किंवा नॉनबायनरी (फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष या चौकटीत न बसणारे) असल्याचं नोंदवलं. हे प्रमाण ०.३३ टक्के, म्हणजे साधारण तीनशेत एक. १९९७ ते २००६ दरम्यान जन्मलेल्यांमध्ये ते ०.७९ टक्के होतं. याच हिशेबानं तीन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात दहा ते चोवीस जण निघतील. प्रत्येक ठिकाणचं प्रमाण वेगळं असेल हे मान्य. पण ‘आमच्याकडे कुणीच नाही’ असं एखादे प्राचार्य म्हणतात, तेव्हा बहुधा त्यांच्यापर्यंत कुणी आलेलं नसतं एवढंच खरं असतं.

आणि ज्यांनी स्वतःला ट्रान्स म्हटलेलंच नाही असे विद्यार्थी या आकड्यांत येतही नाहीत. लांब केस राखणारा, नाजूक हातवारे करणारा मुलगा. शर्ट-पँटमध्ये वावरणारी, दणकट आवाजाची मुलगी. त्यांना कुठलं लेबल हवंच असं नाही आणि ते त्यांच्याकडून वदवून घेण्याचा अधिकारही कुणाला नाही. पण टोमणे, नक्कल आणि ‘हा नक्की कोण?’ हे प्रश्न त्यांच्याही वाट्याला तितकेच येतात. मदतीचे नियम करताना कॉलेजं या मुलांना हमखास विसरतात.

नावाच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘कागदावर एक आणि वर्गात दुसरं, ही फसवणूक’ असं मजकूर म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. कॉलेजच्या संगणकात नावाचा एकच रकाना असतो. हजेरीपट, ओळखपत्र, ईमेल, ऑनलाइन वर्गातलं नाव, ग्रंथालयाचं कार्ड, सगळं त्याच रकान्यातून निघतं. त्या शेजारी ‘वापरातलं नाव’ असा दुसरा रकाना केला, की हजेरी आणि ओळखपत्र त्यातून निघेल आणि पदवी प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, सरकारी पत्रव्यवहार कायदेशीर नावावरच राहील. दोन्ही नावं कॉलेजच्याच नोंदीत असताना फसवणूक कुणाची झाली? अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट विद्यापीठानं २००९ पासून आपल्या नोंदप्रणालीत विद्यार्थ्यांना वापरातलं नाव आणि सर्वनाम (आपल्याला ‘तो’ म्हणावं की ‘ती’) नोंदवायची सोय दिली, आणि नंतर अनेक विद्यापीठांनी तसंच केलं. लिंगबदलाच्या प्रमाणपत्राचे नियम सरकार करेल आणि बदलेल. वर्गात कुणाला काय म्हणून हाक मारायची, यासाठी कुठलंच प्रमाणपत्र लागत नाही.

एवढ्यानं काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. स्टीफन रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या तीन शहरांमधल्या १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्स आणि स्त्री-पुरुषाच्या ठरीव चौकटीबाहेरच्या तरुणांना त्यांनी विचारलं: घरी, शिक्षणाच्या ठिकाणी, कामावर आणि मित्रांमध्ये, यांपैकी किती ठिकाणी तुम्ही निवडलेलं नाव वापरता येतं? असं एक ठिकाण वाढलं की आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि आत्महत्येशी निगडित वर्तन ५६ टक्क्यांनी कमी आढळलं. नमुना लहान आहे, आणि एकाबरोबर दुसरं दिसलं म्हणून पहिल्यामुळेच दुसरं झालं असं सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. पण ज्या गोष्टीला जवळपास काही खर्च नाही ती करून पाहायला याहून भक्कम पुराव्याची वाट बघावी, हे मला पटत नाही.

मात्र हे काम आंधळेपणानं केलं तर त्यातून अपायही होतो. वापरातलं नाव घरी जाणाऱ्या पत्रावर, शुल्काच्या पावतीवर किंवा पालकांना जाणाऱ्या निकालाच्या मेसेजमध्ये उमटलं, तर ज्या मुलीनं किंवा मुलानं घरी अजून काहीच सांगितलेलं नाही त्याचं गुपित कॉलेजच फोडतं. त्यानंतर घरून पैसे बंद होणं, मारहाण होणं, शिक्षण थांबवणं यांपैकी काहीही होऊ शकतं. म्हणून कुठलं नाव कुठे दिसावं हे विद्यार्थ्याला विचारून ठरवायला हवं, आणि ते नंतर बदलता यायला हवं. परीक्षेच्या वेळीही असंच. प्रवेशपत्रावरचा फोटो, नाव आणि समोरचा चेहरा यांत फरक दिसला की पर्यवेक्षक भर वर्गात चौकशी सुरू करतात. तीच पडताळणी पेपरआधी कार्यालयात, एका माणसानं, खाजगीत करून ठेवली तर पेपरची पहिली पंधरा मिनिटं त्या विद्यार्थ्याला लिहायला मिळतील. वर्गात बोलताना मराठी शिक्षकांना एक सोपी वाटही आहे. ‘तुम्ही आलात, तुम्ही सांगा’ असं सगळ्यांनाच म्हटलं, तर कुणाचं लिंग ओठावर आणायची गरजच पडत नाही.

चुकून जुनं नाव तोंडून गेलं तर? चूक सुधारून पुढे जायचं. मुद्दाम, हसण्यासाठी, पुन्हापुन्हा घेतलेलं जुनं नाव ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक वर्गातल्या प्रत्येकाला कळतो.

आता मुलींची सुरक्षितता. ही काळजी मी हलक्यात घेणार नाही, कारण कॉलेजात मुलींचा छळ होतो हे खरं आहे. प्रश्न एवढाच की तो ट्रान्स विद्यार्थिनींना स्वच्छतागृह वापरू दिल्यानं वाढतो का. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात संशोधकांनी हेच तपासलं. लिंगओळखीनुसार सार्वजनिक जागा वापरायची मुभा देणारे नियम असलेली गावं-शहरं आणि तसे नियम नसलेली, त्यांच्याशी मिळतीजुळती गावं-शहरं यांच्या पोलिस नोंदींची त्यांनी तुलना केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा नियमांमुळे गुन्हे वाढल्याचं आढळलं नाही. छळ करायचा आहे त्याला कुणाच्या नियमाची परवानगी लागत नाही, आणि चोरून पाहणं, चित्रीकरण करणं, अंगाला हात लावणं हे नियम बदलल्यावरही गुन्हेच राहतात.

उलट बाजूचा त्रास मात्र मोजलेला आहे. अमेरिकेतल्या २७,७१५ ट्रान्स व्यक्तींच्या २०१५च्या पाहणीत ५९ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात भीतीपोटी सार्वजनिक स्वच्छतागृह टाळल्याचं सांगितलं. ३२ टक्क्यांनी त्यासाठी खाणंपिणं कमी केलं होतं, आणि ८ टक्क्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला होता. सकाळच्या पहिल्या तासापासून संध्याकाळच्या प्रात्यक्षिकापर्यंत पाणी न पिता बसणाऱ्या मुलाचं लक्ष फळ्याकडे कसं राहील? शिवाय स्वच्छतागृहाच्या दारात ‘तू खरंच मुलगी आहेस का’ ही तपासणी सुरू झाली की तिची पहिली झळ केस बारीक कापलेल्या, उंच, सपाट अंगाच्या मुलींनाच बसते. मुलींच्या नावानं केलेला पहारा मुलींवरच उलटतो. यावर साधा उपाय आहे: जमिनीपासून वरपर्यंत बंद होणारं दार आणि आत कडी असलेली काही स्वतंत्र स्वच्छतागृहं, सर्वांसाठी खुली. मदतनीस लागणारे अपंग विद्यार्थी, पोटाचे आजार असलेले, ज्यांना नुसता एकांत हवा आहे असे, सगळेच ती वापरतील. पण ती इमारतीच्या मागे एकच बांधून ‘तुमचं तिकडे’ असं सांगायचं नसतं.

वसतिगृहाचंही तेच. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०१८च्या सुमारास लिंगनिरपेक्ष, म्हणजे मुलांचं किंवा मुलींचं असं न ठरवलेल्या, वसतिगृहाची सोय केली. अशी सोय स्वेच्छेची असते, न विचारता कुणाला कुणाच्या खोलीत टाकलं जात नाही. एकट्या विद्यार्थ्याला टोकाच्या खोलीत वेगळं ठेवणं हा मात्र उपाय नाही.

खेळांच्या स्पर्धांचा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. त्याचे नियम क्रीडासंघटना ठरवतात आणि त्यावरचा वाद प्रामाणिक आहे. संध्याकाळी मैदानावर खेळायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला अडवायला तो वाद कामी येत नाही.

‘सवलती नकोत, उपचार द्या.’ जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात लिंगओळखीतली विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली, आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये लिंगओळख किंवा लैंगिक कल ‘बदलून टाकणारे’ उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्यामुळे ओळख ‘बरी’ करण्यासाठी विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे ढकलणारं कॉलेज त्याला वैद्यकशास्त्रानंच नाकारलेल्या वाटेवर पाठवत असतं. समुपदेशक हवाच, पण तो घरातला ताण, एकटेपणा, छळ यांच्याशी लढताना सोबत करायला.

राहिलं ‘कॉलेजचं काम शिकवणं’. अगदी बरोबर, आणि शिकवायला विद्यार्थी वर्गात असावा लागतो. त्याच २०१५च्या पाहणीत, कॉलेजात ट्रान्स म्हणून ओळखल्या गेलेल्यांपैकी २४ टक्क्यांचा शाब्दिक, शारीरिक किंवा लैंगिक छळ झाला होता, आणि छळ झालेल्यांपैकी १६ टक्क्यांनी त्यापायी कॉलेज सोडलं होतं. भारताच्या २०११च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांमध्ये साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तेव्हा देशाची ७४ होती. गळती शाळेतच सुरू होते. जो कॉलेजपर्यंत पोचला तो किती ठिकाणी तग धरून आला असेल, याचा विचार करा.

शिवाय यातलं बरंचसं आता कॉलेजच्या मर्जीवर राहिलेलं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली. ट्रान्स असण्यावरून, लैंगिक कलावरून किंवा दिसण्यावरून विद्यार्थ्याला त्रास देणं, एकटं पाडणं हे तेव्हापासून रॅगिंग आहे. २०१९च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं तेरावं कलम सरकारमान्य शिक्षणसंस्थांना भेदभावाशिवाय शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यायला सांगतं. केरळ सरकारनं २०१८ साली विद्यापीठं आणि संलग्न कॉलेजांमध्ये प्रत्येक अभ्यासक्रमाला ट्रान्स विद्यार्थ्यांसाठी दोन जादा जागा दिल्या. पण जागा मिळाली म्हणजे माणूस टिकतोच असं नाही. मानबी बंद्योपाध्याय यांनी प्राचार्यपदावर दीड वर्ष काढलं आणि सहकाऱ्यांच्या असहकाराला कंटाळून २०१६च्या डिसेंबरात राजीनामा दिला. प्राचार्यांची ही गत, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या तक्रारीचं काय होत असेल? म्हणून कॉलेजनं तक्रार घेणाऱ्या एका ठरलेल्या व्यक्तीचं नाव आणि फोन प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात द्यावा, तक्रारीवर किती दिवसांत काय होईल तेही तिथेच लिहावं, आणि तक्रार पालकांना न कळवता करता येईल, हे त्या कागदावर ठळक छापावं.