शाळा सोडायला हेन्री क्रेपोंचं नाव नको

काल रात्री अकराला भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला. खाली एकच ओळ: ‘मावशी, आता तरी पटतंय का?’ अकरावी अर्धवट सोडून मित्राच्या धंद्यात शिरायचं त्याने डोक्यात घेतलंय. फॉरवर्डमध्ये गोष्ट अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचे लाकूड व्यापारी आणि गव्हर्नर हेन्री क्रेपो यांची. शाळेचा गंध नाही, कुऱ्हाड घेऊन जंगलात शिरले, करोडपती झाले, राज्य चालवलं, नातवाला जनरल मोटर्स ही मोटार कंपनी काढून दिली. म्हणून पोरांनो, डिग्रीच्या मागे लागू नका!

गरिबी खरी. 1804 साली मॅसॅच्युसेट्समधल्या डार्टमथला शेतकऱ्याच्या घरी जन्म, शाळा जेमतेम. पण पुढचं का गाळलं? जवळ शब्दकोश नव्हता, तर या पोराने स्वतःच्या हाताने शब्दकोश लिहिला. वाचताना अडलेला शब्द लक्षात ठेवायचा, जवळच्या न्यू बेडफर्ड शहरात जाणं झालं की अर्थ शोधायचा, घरी येऊन वहीत उतरवायचा. पुढे शाळामास्तर झाला. आणि न्यू बेडफर्डच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष असताना याच क्रेपोंनी जो अहवाल लिहिला, त्यावरून तिथलं मोफत सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. त्यांचं नाव लावून ‘शिकू नका’ सांगता? माझं डोकं फिरलं ते इथे.

कुऱ्हाड तर निव्वळ थाप. मार्टिन डेमिंग लुईस यांनी 1958 साली लिहिलेलं क्रेपोंचं चरित्र उघडा. मिशिगनला ते स्थायिक झाले ते पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी न्यू बेडफर्डात वर्षानुवर्षं कारकुनी, खजिनदारी, करवसुली केलेली. देवमाशांच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजात भागीदारी होती. मग मिशिगनच्या लपीर काउंटीतलं सुमारे 12,000 एकर पाइनचं रान भागीदारांबरोबर विकत घेतलं. ओंडके फ्लिंट नदीतून लाकूड कापायच्या गिरणीपर्यंत यायचे. म्हणजे भांडवल होतं, पत होती, हिशेब पक्का होता.

राज्य चालवलं, हो, 1865 ते 1869. स्वतः रेल्वे बांधलेल्या या माणसाने गावांनी कर्ज काढून रेल्वे कंपन्यांना पैसे द्यायची विधेयकं अडवली. आकडेमोड कळत होती म्हणूनच.

जनरल मोटर्स निघाली 1908 साली. आजोबा 1869 मध्येच गेले, तेव्हा नातू विल्यम ड्युरंट सात वर्षांचा होता. ड्युरंटने हायस्कूल सोडलं होतं, हे नाइलाजाने मान्य करते. पण सोडून तो गेला कुठे? आजोबांच्या लाकडाच्या वखारीत. आपल्याकडे कुठली आलीय वखार?

भाच्याला लिहिलंय: रविवारी ये. धंद्यात भांडवल कोणाचं, बुडालं तर फेडणार कोण, वह्या कोण लिहिणार, हे कागदावर मांडून दाखव. मग बोलू.