कुलकरुणी

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. कोथरूडमध्ये या वेळेला दूधवाला बेल वाजवत नाही, पिशवी कडीला अडकवून जातो. आणि पाहुणा न कळवता येत नाही. म्हणजे तक्रारच. दार उघडलं तर बी विंगमधल्या काकू. हातात मेंटेनन्सची पावती, मेलेल्या झुरळाची मिशी धरावी तशी दोन बोटांच्या चिमटीत.

"हे आमच्या ह्यांचं नाव का रे?"

मी पावती पाहिली. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले इंग्रजी ए ओळीनं उभे होते आणि त्यांच्यामधून जगभरचा बाजार मांडला होता.

"ह्यात येन आहे. शेवटी युरो आहे." काकूंचा मुलगा म्युनिकला असतो, युरो त्या लांबून ओळखतात. "आणि हे पाऊण काय? आम्ही पूर्ण मेंटेनन्स भरलाय."

"काकू, तो काना आहे."

उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण सकाळी सात वाजता, दारात उभं राहून, बनियनवर दिलेलं खरं उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

याचं मूळ गेल्या वार्षिक सभेत आहे. सेक्रेटरीकाका माझ्याकडे बघून म्हणाले होते, "तू कंप्युटरमध्ये आहेस ना?" आपल्याकडे हा प्रश्न नसतो, ठराव असतो. अनुमोदक मागच्या रांगेत तयारच असतो. चष्म्याच्या डबीतून एक पेन ड्राइव्ह निघाला, त्यात चौसष्ट सभासदांची यादी. तिच्यावरून पावत्या छापणारा छोटासा प्रोग्राम लिहायचा, एवढंच काम.

फाइल मी एडिटरमध्ये उघडली. वरच्या दोनएकशे ओळींत नुसते हिशेब: विंग, फ्लॅट, चौरस फूट, थकबाकी, सगळं इंग्रजीत. नावं पार खाली. एडिटरमध्ये ‘फाइलचं एन्कोडिंग तूच ओळख’ अशी एक सोय असते, ती मी कधीतरी मोठ्या हौसेनं चालू करून ठेवलेली. एन्कोडिंग म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवायची पद्धत. त्यानं सुरुवातीचा तुकडा चाखला. इंग्रजी अक्षरं आणि आकडे यूटीएफ-८ या आजच्या, सगळ्या लिप्यांच्या पद्धतीतही तेच आणि विंडोज-१२५२ या जुन्या, युरोपी भाषांच्या पद्धतीतही तेच, त्यामुळे बिचाऱ्याला चव कळायला मार्गच नव्हता. त्यानं विंडोज-१२५२ असा निकाल दिला आणि खाली उजव्या कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तेवढ्या अक्षरात, तसं लिहूनही ठेवलं.

मी ते वाचलं. न वाचतो तर वाचलो असतो. या काळात १२५२? माझ्या संगणकावर? तिथं क्लिक केलं तर दोन पर्याय आले: ‘रीओपन विथ एन्कोडिंग’ आणि ‘सेव्ह विथ एन्कोडिंग’. पहिल्याचा अर्थ, "काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." दुसऱ्याचा अर्थ, जे चुकीचं ऐकू आलं तेच स्टँप पेपरवर नोटरी करून घेणं. मी दुसरा निवडला, यूटीएफ-८ वर टिचकी मारली आणि समाधानानं चहा टाकला. फाइल मुळात यूटीएफ-८ मध्येच होती. खाली जाऊन एक नाव बघितलं असतं तरी कळलं असतं. पण मी फक्त बेरजा तपासल्या. बेरजा चोख होत्या.

वॉचमननं रात्रीच पावत्या दारांखालून सरकवल्या. पेन ड्राइव्ह मी ‘अपडेटेड’ यादीसकट परत केला. काकांनी ती आपल्या संगणकावर घेतली आणि जुनी फाइल कायमची उडवली, उगाच जागा कशाला अडवायची म्हणून.

संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर माझी सुनावणी झाली. काका बँकेतून निवृत्त झालेले. कॅशियर होते, त्यामुळे मुळापर्यंत गेल्याशिवाय सही नाही.

"काका, फाइलमध्ये अक्षरं नसतातच. नुसते आकडे. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, ते वाचणाऱ्यानं ठरवायचं."

"आणि तू काय ठरवलंस?"

मग मी त्यांना पीएमपीच्या बसमध्ये नेलं. फाइलमधला असा एकेक आकडा म्हणजे एक बाइट. यूटीएफ-८ मध्ये मराठी अक्षर तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट बसमध्ये चढतानाच कंडक्टरला सांगतो, "मागे दोघं आहेत." तिघं मिळून एक कुटुंब, एक अक्षर. विंडोज-१२५२ चा कंडक्टर मात्र ऐकूनच घेत नाही. तो तिघांना तीन वेगळी तिकिटं फाडतो. पहिला बाइट दर वेळी तोच, म्हणून ते तिरकी रेघवाले ए. पुढच्या दोघांच्या नशिबात काय येईल ते येईल. काना आला की पाऊण. ऱ्हस्व वेलांटी आली की उलटं प्रश्नचिन्ह. ‘म’ आला की ट्रेडमार्कवाला गोलातला आर, म्हणजे मराठीचा ‘म’ कुणीतरी आधीच रजिस्टर करून ठेवलाय. आणि दीर्घ वेलांटीला एक येन आणि एक युरो.

"म्हणजे जोश्यांना परकीय चलन," काका म्हणाले. ते स्वतः गोखले. "आणि आम्हाला?"

"मात्रेला येन मिळतो. पण शेजारी दुहेरी खंजीर."

काकांनी मान डोलावली. जोश्यांच्या बाबतीत त्यांना वेगळी अपेक्षा नव्हतीच.

"पण मराठीला तीन बाइट आणि इंग्रजीला एक? मग क्षेत्रफळावर मेंटेनन्स लावला तर आपल्याला तिप्पट की."

हे मात्र लागलं. पूर्वी असं नव्हतं, मी म्हणालो. १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या इस्की या पद्धतीत आपलं अक्षर एका बाइटाच्या खोलीत गुण्यागोविंदानं राहायचं. भारतीय लिप्या संगणकावर आणायचं मोठं काम १९८८ साली आपल्याच पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत झालंय. मग जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं देवनागरीला १२८ घरांची स्वतंत्र वसाहत दिली, मांडणी इस्कीच्याच धर्तीवर. पत्ता मोठा झाला, म्हणून बाइट वाढले. आणि ते बाइट रचायची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना, ताटाखालच्या कागदावर बसवली. आपल्याकडे तो कागद तर्रीत भिजला असता.

"मग फाइलवर पाटी का लावत नाहीत, ही अमुक पद्धतीची आहे म्हणून?"

"सोय आहे. अगदी सुरुवातीला तीन बाइट लावता येतात. पण सक्ती नाही. आणि ज्या प्रोग्रामला ती पाटी कळत नाही तो ती उचलून पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटवतो. मग ‘फ्लॅट नंबर’ डोळ्यांसमोर दिसतो, पण शोधून सापडत नाही."

"पुण्यात राहून पाटी ऐच्छिक," काका पुटपुटले. मग म्हणाले, "अरे, पण तो ‘मागे दोघं आहेत’ म्हणतो ना? मग मागे दोघं खरंच आहेत का, एवढं बघितलं तरी कळेल की."

चाळीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसानं दोन मिनिटांत नेमकं तेच सांगितलं जे माझ्या एडिटरनं करायला हवं होतं. आधी यूटीएफ-८ समजून सगळी फाइल काटेकोर तपासायची. दुसऱ्या पद्धतीचा मजकूर त्या तपासणीतून सहसा निसटत नाही. नाहीच बसलं तर थांबायचं आणि माणसाला विचारायचं. "संशयित नोट आम्ही कधी पेनानं दुरुस्त केली नाही," काका म्हणाले.

मी रात्रभर पेनानं दुरुस्त करत बसलो. सोपं वाटलं होतं: उलट्या पावली जायचं, येन-युरोचे पुन्हा बाइट करायचे, तिघातिघांची कुटुंबं जमवायची. जोशी आले. देशपांडे आले. सगळ्या सौ. सुखरूप परतल्या. पण १२५२ च्या वाड्यात पाच खोल्या रिकाम्या आहेत, तिथं कुठलंच चिन्ह राहत नाही. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट नेमका त्यातल्या एका खोलीत जातो आणि पाय मोडायच्या चिन्हाचा दुसऱ्या. एडिटरनं दोघांच्याही जागी एकच काळी चौकट आणि तिच्यात पांढरं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. आत कोण होतं, याचा मागमूस नाही.

सगळीकडे पाय मोडून बघितले. ‘श्री.’ जुळले, पण आमचे चारही ‘कुलकर्णी’ ‘क्लकर्णी’ झाले, आणि पत्त्यात ‘कोथरूड, प्णे’. कोथरूड शाबूत आणि पुणं गेलं, यात इथं कुणाला फारसं वावगं वाटलं नसतं. मग सगळीकडे उकार देऊन बघितले. पुणं परत आलं, पण ‘श्री.’चे ‘शुरी.’ झाले आणि काकूंच्या घराण्याचं नाव ‘कुलकरुणी’. पहाटे साडेतीनला ते मला सगळ्यात अचूक वाटलं.

सकाळी एडिटरची ओळखायची हौस बंद केली, मूळ फाइलची प्रत ठेवायची सवय स्वतःला लावली आणि काकांकडे गेलो. त्यांनी माळ्यावरून सभासदांचं जुनं रजिस्टर काढलं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, त्यांच्याच हातचं. ते नाव वाचायचे, मी टाइप करायचो. एकेचाळीस नावं सुरळीत झाली. बेचाळिसाव्याला काका थांबले. वही दिव्याखाली नेली. चष्मा काढला, पुसला, घातला. अक्षराच्या खाली शाईचा एक छोटासा फराटा होता. उकार असेल, किंवा मोडलेला पाय.

"काका, काय आहे?"

काकांनी वही माझ्याकडे सरकवली.

"तू कंप्युटरमध्ये आहेस ना?"