६० दिवसांत फायटर पायलट? त्या मेसेजमधली एकेक गोष्ट
गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय. 'दुसऱ्या महायुद्धाचा फ्लाइट सिम्युलेटर रोज ६ तास खेळा, ६० दिवसांत फायटर पायलट व्हा.' खाली पाच सूचना: जो घट्ट वळतो तोच जिंकतो, शत्रू दिसला की ट्रिगर दाबून धरा, रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पट्टी) ऑटोवर टाका, सतत मागे पाहत राहा, आणि एवढं केलं की हवाई दलाची पायलट चाचणी हमखास पास, बाकी अभ्यासाची गरज नाही.

चार ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पाचव्यांदा तो माझ्या भाच्याने पाठवला. पोरगा बारावीला आहे. नागपूरच्या वायुसेनानगरातलं विमानांचं प्रात्यक्षिक पाहून आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही. "मामा, सगळे हेच करून राहिले, तू काऊन नाही म्हणतो?" मी दहा वर्षं हे सिम (सिम्युलेटर) उडवतोय, म्हणून नाही म्हणतो.

आधी ते वळण्याचं, कारण सगळ्यात जास्त पोरं तिथेच मरतात (पडद्यावर). रविवारी भाचा माझ्याकडे बसला होता. त्याने वाइल्डकॅट हे अमेरिकन लढाऊ विमान घेतलं, समोर जपानी झीरो. मेसेजमध्ये सांगितलं तसंच केलं: विमान आडवं पाडलं आणि काठी पोटाशी ओढून धरली. वेगाचा काटा २५० नॉटवरून घसरत १३०वर आला. विमान थरथरायला लागलं, तरी तो ओढतच होता. मग डावा पंख एकदम खाली गेला आणि समुद्र गरागरा फिरायला लागला. झीरोने एक गोळीसुद्धा झाडली नव्हती.

झीरो हलकं होतं आणि वाइल्डकॅटपेक्षा कितीतरी लहान वर्तुळात वळायचं. त्याच्याशी वळणाची स्पर्धा लावणं म्हणजे त्याच्याच अंगणात कुस्ती धरणं. हे खुद्द त्या काळच्या वैमानिकांना कळलं होतं. अमेरिकन नौदलाच्या जॉन थॅचने १९४१मध्ये, झीरोशी गाठ पडायच्या आधीच, घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून यावर तोड काढली. दोन विमानं अंतर ठेवून शेजारी उडतात. एकाच्या शेपटीला शत्रू लागला की दोघंही एकमेकांच्या दिशेने वळतात आणि पाठलाग करणारा आपसूक दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. जून १९४२मध्ये मिडवेच्या लढाईत त्याने ते खरं करून दाखवलं. त्यात वळणं आहेतच, पण ती जोडीदारासोबत आणि ठरवून घेतलेली. एकट्याने उडत असाल तर उंची राखा, वरून झेप घ्या, एक फैर झाडा आणि वेग हातात असतानाच पुन्हा वर निघा. कंटाळवाणं वाटतं, पण भाचा असं उडला तेव्हा पहिल्यांदाच जिवंत परतला.

ट्रिगर दाबून धरण्याबद्दलही थॅचलाच विचारा. वाइल्डकॅटच्या चार बंदुकांच्या सहा केल्या तेव्हा प्रत्येक बंदुकीच्या वाट्याच्या गोळ्या कमी झाल्या आणि एकूण मारा ३४ सेकंदांवरून २० सेकंदांच्याही खाली आला. थॅचचं म्हणणं होतं की ज्याला चार बंदुकांनी नेम लागत नाही, त्याला आठ देऊनही लागणार नाही. पंखातल्या बंदुका ठरावीक अंतरावर मारा एकत्र येईल अशा बसवलेल्या असतात. त्या अंतराच्या फार पलीकडून झाडलेल्या गोळ्या वायाच जातात. जवळ जा, सेकंद-दोन सेकंद मारा, थांबा.

ऑटो रडर पहिल्या दिवशी ठेवा, दुसऱ्या दिवशी काढा. पंख्यामुळे नाक एका बाजूला ओढलं जातं, ते पायाने सावरता आलं नाही तर नेम कधीच बसणार नाही.

मागे पाहत राहा, हे मात्र बरोबर आहे. मेसेजमध्ये एवढं एक धड वाक्य आहे.

आता पाचवी सूचना, जिच्यामुळे मी हे लिहायला बसलो. सिम्युलेटरचा उपयोग होतो हे मी नाकारत नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक लिंक ट्रेनर नावाच्या लाकडी खोक्यात बसून नुसत्या काट्यांवर उडायला शिकले. हवाई दलाच्या चाचणीतही काटे वाचायचे असतात, काठी आणि पेडल एकाच वेळी सांभाळायची असतात. हातापायाला थोडी सवय होईल, बस. 'हमखास पास' हे कुणी ठरवलं? ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंग शाखेचं दार कायमचं बंद. आणि तिथवर पोचायला आधी एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) लेखी परीक्षा आहे, ९०० गुणांची, त्यातले ३०० गणिताचे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र नसेल तर हवाई दलासाठी अर्जच करता येत नाही. अशा पोराला रोज ६ तास खेळ आणि अभ्यास सोड म्हणणारा माणूस त्याचं वर्ष खातोय. ज्याने हे लिहिलं त्याला याची लाज वाटली पाहिजे, आणि न वाचता पुढे ढकलणाऱ्या आपल्यालाही.

भाच्याला हे सांगितलं तर तो गप्प बसला. मग मी त्याचीच गणिताची वही ओढली. उंची न सोडता वळताना विमानावर किती पट भार येतो? एक भागिले, विमान जितकं कललंय त्या कोनाचा कोसाइन. ६० अंशांना दुप्पट. आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलून धरू शकत नाहीत तो वेग, वाढतो त्या भाराच्या वर्गमुळाच्या पटीत. सरळ उडताना वाइल्डकॅट ७० नॉटच्या आसपास स्टॉल होतं, ते आम्ही सिममध्ये मोजलं होतं. रविवारी त्याने विमान ७५ अंशांवर पाडलं होतं, ते गणित त्याने स्वतः केलं. भार ३.८६ पट, वर्गमूळ १.९७, गुणिले ७०. उत्तर आलं १३८.

"म्हणजे मामा, १३०ला ते पडणारच होतं."