मरिना हवीच, पण आधी रॅम्प हवा

मुंबई बंदर प्राधिकरणाने शहरासाठी मरिना, म्हणजे हौशी होड्या उभ्या करण्याचे बंदर, उभारण्याचे जाहीर केल्यापासून घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी फोनवर बोलताना हा विषय वारंवार निघतो. ४२४ यॉट ठेवण्याची सोय आणि ८८७ कोटी रुपयांचा अंदाजित खर्च हे दोन आकडे त्यांना पाठ आहेत. काहींचे म्हणणे असे, की जिथे माणसे लोकलच्या दारात लोंबकळत कामाला जातात तिथे धनिकांच्या होड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला. बाकीच्यांचे म्हणणे असे, की एवढे मोठे नैसर्गिक बंदर लाभलेल्या शहरात धड एक मरिना नसावी, ही नामुष्कीच आहे. मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला राहतो, शिडाच्या होडीवर माझा जीव आहे, त्यामुळे मी मरिनेच्या बाजूचा असणार हे सगळे गृहीत धरतात. मरिना व्हावी असे मला वाटतेच. परंतु तिच्या समर्थनार्थ जेव्हा ऑकलंडचे नाव घेतले जाते, तेव्हा मला राहवत नाही, कारण हे शहर शिडांचे झाले ते मरिनेमुळे झालेले नाही.

इथल्या वेस्टहेवनच्या मरिनेत दोन हजारांच्या आसपास होड्या उभ्या असतात आणि हार्बर ब्रिजवरून ते डोलकाठ्यांचे रान पाहताना कोणाचेही डोळे दिपतात, हे खरे आहे. पण इथली पहिली रेगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा मेळा, १८४० साली, म्हणजे शहराची स्थापना झाली त्याच वर्षी भरली, आणि ही मरिना त्यानंतर कितीतरी दशकांनी आली. मधल्या काळात हा छंद वाढला तो किनाऱ्याकिनाऱ्यावरच्या छोट्या क्लबांत. असा क्लब म्हणजे बहुधा एक शेड, पाण्यात उतरणारा काँक्रीटचा रॅम्प आणि मुलांसाठी ऑप्टिमिस्ट जातीच्या होड्या. ऑप्टिमिस्ट जेमतेम २.३ मीटर लांब असते, तिला एकच शीड असते आणि आत एकटे मूल बसते. शनिवारी-रविवारी बचावाच्या रबरी बोटीवर पाळीपाळीने पालकच असतात. अमेरिका कप ही शिडाच्या होड्यांची नामांकित शर्यत जिंकणाऱ्या इथल्या संघांतले अनेक खलाशी अशाच होड्यांतून पुढे आले आहेत.

मोठ्या होड्यांच्या शर्यतीतही मालकाचे एकट्याने भागत नाही. उन्हाळ्यातल्या बुधवारी संध्याकाळी ज्या शर्यती होतात, त्यांत मध्यम आकाराच्या होडीलाही पाच-सहा माणसे लागतात, आणि त्यामुळे ज्याच्याकडे होडी नाही त्यालाही धक्क्यावर जाऊन विचारले तर बहुधा जागा मिळते. सुरुवातीच्या इशाऱ्याआधीची पाच मिनिटे मला सर्वांत प्रिय आहेत. वीस-पंचवीस होड्या एका अदृश्य रेषेमागे घिरट्या घालत असतात, पुढे उभा असलेला गडी बोटांनी राहिलेले अंतर दाखवत असतो, उजव्या अंगाने वारा घेणारी होडी मोठ्याने हाक देऊन आपला हक्क बजावते आणि डाव्या अंगाने वारा घेणाऱ्याला निमूटपणे बाजूला व्हावे लागते. तिथे कोण डॉक्टर आणि कोण सुतार, हे कोणी विचारत नाही.

मरिनेच्या चित्रांत कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे देखभाल. पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीच्या बुडाला आधी शेवाळ, मग बार्नेकल चिकटतात आणि तिचा वेग मंदावतो. म्हणून साधारण वर्षातून एकदा तिला पट्ट्यांच्या क्रेनने उचलून यार्डात लाकडी ठोकळ्यांवर टेकवतात, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात, उरलेले बार्नेकल खरवडतात आणि तांबेयुक्त विषारी रंगाचे नवे हात देतात. घासताना तो रंग नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावून, पृष्ठभाग ओला ठेवूनच घासायचे असते, आणि धुतलेले पाणी समुद्रात न सोडता यार्डातच गोळा केले जाते. होडीच्या इंजिनाने फिरणाऱ्या पंख्याच्या दांड्यावरचा जस्ताचा तुकडा, जो आपण झिजून बाकीच्या धातूला वाचवतो, तो निम्मा उरला की बदलायचा. बुडातून पाणी आत घेणाऱ्या झडपा उघडझाप करून मोकळ्या ठेवायच्या. हे काम मालक स्वतः करू शकतो आणि इथे पुष्कळ जण करतातही, कारण तशी जागा भाड्याने मिळते. ग्रेट बॅरियर बेटाच्या काही खाडींत २०२१ साली कॉलर्पा हे परके समुद्री शेवाळ सापडले आणि ते नांगराला चिकटून पसरू नये म्हणून तिथे नांगर टाकण्यावरच बंदी आली. तेव्हापासून नांगर आणि बूड स्वच्छ ठेवणे ही खाजगी बाब राहिलेली नाही.

आता मुंबईकडे पाहू. पावसाळ्यात तिथला समुद्र हौशी शिडांसाठी बंद असतो. कोकणातला मच्छीमार हे पिढ्यानपिढ्या जाणतो. पावसाळ्याआधी तो होड्या वर ओढून शाकारून ठेवतो, आणि यांत्रिक मासेमारीवरची बंदीही १ जून ते ३१ जुलै असते. म्हणजे मरिनेतल्या ज्या होड्या लहान आणि उघड्या आहेत त्यांना मे महिन्याअखेर जमिनीवर जागा लागणार, आणि तिथे माणसाला स्वतःच्या हाताने रंग खरवडता येईल अशी मुभाही लागणार. मुंबईत उधाणाची भरती पाच मीटरच्या घरात जाते, त्यामुळे तरते धक्के लागतील. त्याची तजवीज अभियंते करतील. पण ज्याच्याकडे मरिनेत बर्थ, म्हणजे होडी उभी करण्याची जागा, नाही, ट्रेलरवर छोटी होडी आहे, त्याच्यासाठी सार्वजनिक रॅम्प असेल का, हा प्रश्न मला या वादात अजून कोणी विचारलेला दिसत नाही.

कौशल्याची वानवा तर मुळीच नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, आणि त्याच होडीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून कुठेही न थांबता मुंबईला परतले. हैदराबादला तर समुद्रच नाही, तरी हुसेन सागर तलावावर गरीब घरांतली मुले ऑप्टिमिस्ट चालवायला शिकून राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवतात. त्यांना मरिना लागली नाही, पाणी, होड्या आणि शिकवणारी माणसे लागली.

म्हणून माझी मागणी अशी आहे, की मरिनेच्या करारातच सार्वजनिक रॅम्प आणि सर्वांना खुले दुरुस्ती यार्ड ही अट घालावी, आणि कोकणातल्या काही मासेमारी बंदरांवर, ससून डॉकसारख्या गर्दीच्या ठिकाणी नव्हे तर जिथे मोकळा किनारा आहे तिथे, दहा-दहा ऑप्टिमिस्ट आणि एक शेड द्यावी. शिकवायला गावातल्याच निवृत्त तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांना, मानधनावर बोलवावे. वारा फिरण्याआधी पाण्याचा रंग कसा बदलतो, हे त्यांच्याइतके नेमके सांगणारा माणूस मला ऑकलंडच्या एकाही क्लबात भेटलेला नाही.